झील कोण धरणार?

आमच्या घरात मुलाला गाणं शिकवत नाहीत, झील धरायला उभं करतात. सहाव्या वर्षी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या हातात तुणतुणं दिलं. काडीने तार छेडायची, नायकाच्या, म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या, मागे अर्धं पाऊल उभं राहायचं आणि त्याची ओळ संपत आली की शेवटचे शब्द उचलून वर न्यायचे. नायक तेवढ्यात श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो, यजमानाच्या तोंडाकडे बघून घेतो. झील उशिरा आली तर त्याचा दम तुटतो, लवकर आली तर त्याच्या ओळीचं शेपूट कापलं जातं. पहिली पाच वर्षं मी एवढंच केलं. पुढे पॉप गाण्याच्या स्टुडिओत आणि संगीत नाटकाच्या रंगमंचावर मला जे जमलं आणि जे जमलं नाही, त्या दोन्हींचं मूळ या अर्ध्या पावलात आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

आम्ही कदमराई गोंधळी, तुळजापूरच्या भवानीचे. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. गाव परभणी जिल्ह्यातलं. लग्नसराई सुरू झाली की अण्णा, थोरले चुलते, मी आणि एक संबळवाला असे चौघे बाहेर पडायचो. संध्याकाळी यजमानाच्या अंगणात चौक भरायचा. पाटावर नवं कापड, त्यावर धान्य, कलश, नारळ, भोवती उसाची नाहीतर ज्वारीची पाच ताटं. दिवटी पेटली की आधी गण, मग आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडेराया, एकेकाचं नाव घेऊन गोंधळाला ये म्हणायचं. हा पूर्वरंग. मध्यरात्र उलटली की उत्तररंग, म्हणजे आख्यान.

अण्णांचं जांभूळ आख्यान मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. उपरण्याचं टोक डोक्यावर घेतलं की अण्णा द्रौपदी, खांद्यावर टाकलं की कर्ण, कमरेला खोचलं की कृष्ण. मधेच थोरले चुलते विचारणार, "मंग? मंग काय झालं?" अण्णा मुद्दाम चिडणार, अंगण हसणार, आणि त्या हसण्यातच पुढचं पद सुरू. गद्य कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं हे कळायचं नाही, कारण अण्णांचं बोलणंही सुरातच असायचं. या सगळ्याला नाटक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

करपल्लवीही तेव्हाच शिकलो. गर्दीतल्या कुणाचंही नाव एका गोंधळ्याच्या कानात सांगायचं, त्याने बोटांच्या खुणांनी ते लांब उभ्या असलेल्या दुसऱ्याला कळवायचं आणि दुसऱ्याने ते मोठ्याने घ्यायचं. लोकांना ती जादू वाटते. आमच्यासाठी ती रात्रभर एकमेकांशी न बोलता बोलायची सोय आहे: लय वाढव, एक पद गाळ, यजमान पेंगतोय, आरतीकडे चल.

एकोणिसाव्या वर्षी मी पुण्यात आलो. शाहीर साबळे यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा'तून साऱ्या लोककला एका रंगमंचावर आणायची वाट घालून दिली, त्या वाटेवरच्या एका पथकात मला जागा मिळाली. तिथे गोंधळ सात मिनिटांचा होता. दिवटी विजेची, चौक थर्माकोलचा. काम मिळत होतं आणि मी ते मन लावून केलं, पण सांगण्यासारखं त्यात फार नाही. एवढंच की एका संगीत संयोजकाने तिथे माझा आवाज ऐकला आणि कोरससाठी स्टुडिओत बोलावलं.

कोरसमध्ये मी रमलो. आठ जण अर्धगोलात उभे, मधे माइक, एकमेकांचे ओठ दिसायचे. झीलच ती. दीडेक वर्षाने त्याच संयोजकाने एक गाणं करायला घेतलं. गिटार, सिंथ, ड्रम पॅड आणि मधोमध आमच्या घरचं आवाहन. ते मी एकट्याने गायचं.

त्या दिवसाचं नीट लिहायला हवं, कारण लोकगायक पहिल्यांदा स्टुडिओत जातो तेव्हा त्याला काय होतं हे त्याला आधी कुणी सांगत नाही.

पहिला प्रश्न पट्टीचा. अण्णा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, गातात, मीही तिथेच गात आलो. अंगणात माइक नसायचा, शेवटच्या ओट्यावरच्या म्हातारीला ऐकू जायचं तर टीप लावावीच लागते. संयोजक म्हणाले, गाणं काळी एकला बांधलंय, या पट्टीत आवाज गोड लागतो. लागत होताही. पण खाली उतरल्यावर आवाहनातली हाक गेली आणि मागे विनवणी उरली. देवीला लांबून बोलवायचं असतं, ती शेजारी बसल्यासारखं बोलून कसं चालेल? तासभर बोलल्यावर काळी तीनवर ठरलं. त्यासाठी गिटारवाल्याला पुन्हा वाजवावं लागलं आणि त्याने कुरकूर न करता वाजवलं, हे मी विसरणार नाही.

दुसरा प्रश्न क्लिकचा. कानात हेडफोन, हेडफोनमध्ये टिक टिक टिक, मिनिटाला अठ्ठ्याण्णव. गोंधळाची लय सुरुवातीला चालते, मधे पळते आणि शेवटी उड्या मारते. ती कधी वाढवायची हे संबळवाला आणि नायक एकमेकांकडे बघून ठरवतात. क्लिक कुणाकडे बघत नाही. पहिले पाच टेक मी दर चौथ्या ओळीला पुढे पळालो. शेवटी रेकॉर्डिस्टने युक्ती सांगितली: क्लिक बंद करतो, तुमच्या संबळवाल्याला बोलवा, त्याला क्लिकवर वाजवू द्या, तुम्ही फक्त संबळ ऐका. दुसऱ्या दिवशी मित्राने संबळ कमरेला बांधून तासाभरात काम केलं आणि मी तिसऱ्या टेकला सरळ गायलो. नव्या मुलांना मी आता हेच सांगतो: क्लिक वाद्याच्या कानात जाऊ दे, गळ्याच्या कानात नको.

तिसरी गोष्ट सुरांची. १९९७ साली ऑटोट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आलं आणि तेव्हापासून जगभरच्या पॉप गाण्यात प्रत्येक सूर बारा ठरलेल्या घरांपैकी एका घरात नेऊन बसवता येतो. आमच्या आवाहनातला गंधार या बारा घरांत बसत नाही. कोमलपेक्षा चढा, शुद्धपेक्षा उतरलेला, आणि ओळीगणिक थोडा सरकणारा. अण्णांचा तसाच, आजोबांचाही तसाच होता म्हणतात. रेकॉर्डिस्टने चूक समजून तो सरळ केला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याच्या पडद्यावर तो बेसूरच दिसत होता. गाणं ऐकताना मला नेमकं काय खटकतंय ते कळेना, फक्त हा मी नाही असं वाटत राहिलं. मग त्याने मूळ आणि दुरुस्त केलेलं असं पाठोपाठ ऐकवलं आणि मलाही समजलं, त्यालाही. आवाहनाचा भाग मूळ ठेवला, धृपदात दुरुस्ती राहू दिली. पुढच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला मी आधीच सांगून ठेवायला लागलो, आणि हेडफोनमध्ये सिंथच्या स्वराऐवजी तुणतुण्याची तार मागायला लागलो.

हे तिन्ही प्रश्न सुटले. चौथा सुटला नाही.

आवाहन गाऊन झालं आणि मी विचारलं, झील कोण धरणार? "तुम्हीच. आपण लेयर करू." मग माझीच ओळ ऐकून तिची झील मी आठ वेळा गायलो. कधी थोडा दाबून, कधी नाकात, कधी लांब उभा राहून. मिक्सिंगनंतर ती भरगच्च वाजली, ऐकणाऱ्याला आठ माणसं वाटतील. पण त्या आठही जणांना नायक कुठे थांबणार हे आधीच ठाऊक होतं. खरा झीलकरी ते ऐकत ऐकत शोधतो आणि त्या शोधण्याचा एक ताण असतो, काडीइतका बारीक. त्या रेकॉर्डमध्ये तो ताण नाही. आजही ते गाणं कुठे लागलं की माझे कान तिथेच जातात.

गाणं चाललं. लग्नाच्या वरातीत वाजलं, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजलं, आणि मला कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. गणपती, नवरात्र, संमेलनं. वादकांचा ताफा परवडायचा नाही, म्हणून गाण्याचा नुसता वाद्यांचा ट्रॅक लावायचा आणि त्यावर मी गायचं. चाळीस मिनिटं सलग. आठवड्यातून तीनदा. सातव्या महिन्यात सकाळी उठलो तर आवाज फुटेना. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून सांगितलं, स्वरतंतूंना सूज आहे, तीन आठवडे बोलायचंही नाही.

त्या तीन आठवड्यांत मला एकच कोडं पडलं होतं. अण्णा साठी उलटल्यावरही रात्रभर गातात, पहाटे आरती खणखणीत म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी उभे राहतात. मी पंचविशीत चाळीस मिनिटांनी कसा मोडलो? पाटीवर लिहून अण्णांना विचारायची सोय नव्हती, फोनवर बोलता येत नव्हतं. मग मनातल्या मनात एक रात्र मोजली. नायकाची एक ओळ, झीलकऱ्याची एक. नायकाचं पद, मग गद्य. गद्यात झीलकऱ्याचे प्रश्न. आख्यानाच्या चार तासांत अण्णांचा गळा निम्म्याहून कमी वेळ ताणलेला असतो. झील ही शोभा आहे असं मी समजत होतो. ती विश्रांती होती. ट्रॅकवर गाताना दुसरा गळाच नव्हता.

याच काळात कराराचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. सही केली तेव्हा वाचला नव्हता. गाण्याच्या श्रेयात माझं नाव गायक म्हणून होतं, शब्दांपुढे 'पारंपरिक' आणि संगीतापुढे गाणं काढणाऱ्या कंपनीने संयोजकाचं नाव घातलेलं. मला एकदाच पैसे मिळाले होते. आता कायदा थोडाफार समजतो, तो असा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही, आणि गायकालाही आपल्या गायनाच्या व्यापारी वापरातून रॉयल्टीचा हक्क मिळाला. रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, गायकाचा गायनानंतर पन्नास वर्षं. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९६९ पासून आहे, गायकांची स्वतंत्र संस्था २०१३ साली उभी राहिली. मी तिथे नाव नोंदवलं आणि ज्याला ज्याला भेटतो त्याला नोंदवायला सांगतो.

पण पारंपरिक या शब्दाचं दुखणं यातून जात नाही. जे सगळ्यांचं, ते कायद्यापुढे कुणाचंच नाही. आवाहनाची चाल मी केलेली नाही, अण्णांनीही नाही, आमच्यापैकी कुणी तिच्यावर मालकी सांगणार नाही. तरी कुणीतरी ती सिंथवर वाजवली आणि संगीतकार ठरला, आणि ती चाल चार पिढ्या रात्र रात्र जागवणारं घर त्या कागदावर कुठेच आलं नाही. संयोजकांशी मी स्पष्ट बोललो. ते गप्प राहिले, मग म्हणाले, मलाही हे विचारलं नव्हतं. पुढच्या गाण्यात त्यांनी 'पारंपरिक' या शब्दापुढे आमच्या घराण्याचं नाव घालून घेतलं. पैशात काही बदललं नाही. पण अण्णांनी त्या नावाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे.

नाटकाचं बोलावणं आलं तेव्हा माझा आवाज नुकता परतला होता. दिग्दर्शकांना गोंधळीच हवा होता. दोन भावांची गोष्ट. थोरला नायक, धाकटा झीलकरी. पहिल्या अंकाच्या शेवटी थोरला मरतो आणि दुसऱ्या अंकात धाकट्याला एकट्याने उभं राहावं लागतं. धाकटा मी. ऑर्गन, तबला, ढोलकी, संबळ, सगळं विंगेत प्रत्यक्ष वाजणार होतं. ट्रॅक नाही हे ऐकूनच मी हो म्हटलं.

तालमी सव्वादोन महिने चालल्या. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांत चांगला गात होतो आणि सगळ्यांत वाईट काम करत होतो. पद सुरू झालं की माझी मान आपोआप समोर वळायची, डावा हात कानाशी जायचा. दिग्दर्शक समोर खुर्चीत बसलेले असायचे, मी त्यांच्याकडे बघून गायचो. एकदा त्यांनी पद मधेच थांबवलं. "तू मला गाऊन दाखवतोयस. मी इथे नाहीये. तुझा भाऊ तिकडे खाटेवर आहे." गोंधळ्याला यजमानाकडे न बघता गा म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणं अवघड आहे. आमचं सगळं गाणं समोरच्याला हाक मारण्यासाठी असतं.

त्या संध्याकाळी चहा घेताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, तिने मला धीर आला. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं सूत्रधारच म्हणायचा, पात्रं त्यावर अभिनय करून आपली भाषणं म्हणायची. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पात्रं आपापली पदं स्वतः गाऊ लागली. साकी, दिंडी, लावणीच्या चाली, कीर्तनातलं वळण, सगळं त्यांनी पात्रांच्या तोंडी दिलं. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याचं गाणं गोष्टीतल्या माणसाच्या गळ्यात उतरायला मराठी रंगभूमीला सदतीस वर्षं लागली. "तुला सव्वादोन महिने आहेत," ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो.

पॉपच्या वाटेने संगीत नाटकात आलेला मी पहिला नव्हे, हेही त्यांनीच सांगितलं. पु. ल. देशपांड्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून मराठीत आणलं, जब्बार पटेलांनी १९७८ साली ते बसवलं, त्यात नंदू भेंडे हे रॉक गाणारे गायक प्रमुख भूमिकेत होते. आणि आमच्याच जांभूळ आख्यानाला शाहीर विठ्ठल उमपांनी नाट्यगृहात नेलं होतं, ते तर मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. अण्णा त्यांचं नाव कानाला हात लावून घेतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीतरी बसायला लागलं. संगीत नाटकात सगळ्यांत अवघड जागा म्हणजे वाक्यातून गाण्यात जाणं. ऑर्गनवाले वाक्याखाली हळूच स्वर धरतात, नट वाक्य संपवतो, क्षणभर थांबतो आणि गायला लागतो. त्या क्षणात पात्र निघून जातं आणि गायक येतो. शास्त्रीय तालीम घेतलेले माझे सहकारी माझ्यापेक्षा कितीतरी तयार होते, पण ही फट त्यांनाही जड जायची. मला ती जाणवलीच नाही, कारण अण्णांसारखं गद्यच सुरात बोलायची सवय. दिग्दर्शकांनी सगळ्यांना थांबवून माझं ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. आमच्या अंगणातली एक गोष्ट इथे शिकवायच्या कामाची आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

स्टुडिओतलं शिक्षणही उपयोगी पडलं, आणि मी ते धरून चाललो नव्हतो. भाऊ गेल्यावर धाकटा त्याचं पागोटं घडी करता करता एक ओवी म्हणतो. मी ती तालमीत टीप लावून म्हणायचो. मग आठवलं की कपाळाशी, केसांत माइक आहे. स्टुडिओत माइकच्या वीतभर अंतरावर जसा गायचो तसा, जवळजवळ पुटपुटत म्हटली. तालमीच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, कुणीतरी उठून ते बंद केले. ओवी तशीच राहिली.

आणि शेवटचं पद. धाकटा पहिल्यांदा नायक होऊन आवाहन म्हणतो. संबळ असतो, तुणतुणं जमिनीवर पडलेलं, आणि झील नाही. दिग्दर्शकांचं म्हणणं, प्रत्येक ओळीनंतर जिथे झील यायची तेवढी जागा रिकामी सोडायची. चार मात्रा. त्या चार मात्रा मला महिनाभर जमल्या नाहीत. कधी पुढची ओळ लवकर घ्यायचो, कधी माझाच गळा झील पुरी करून टाकायचा. रंगीत तालमीलाही चुकलो. पहिल्या प्रयोगाला उभा राहिलो तेव्हा ठरवलं की निदान श्वास तरी घेऊ, नायक घेतो तसा. ओळ टाकली, श्वास घेतला, आणि अंधारात बसलेली सहा-सातशे माणसं माझ्याबरोबर थांबलेली ऐकू आली. खोकला नाही, खुर्चीची कुरकुर नाही. मी पुढची ओळ टाकली.

त्यानंतर प्रयोग होत राहिले. पुण्यात बालगंधर्व, दादरला शिवाजी मंदिर, ठाण्याला गडकरी, मग दौरा. नाटकवाल्यांच्या बसमध्ये झोपायला मी लगेच शिकलो, लहानपणी टेम्पोच्या मागे संबळ उशाशी घेऊन झोपलेला माणूस. गळ्याने दगा दिला नाही, कारण अडीच तासांत गाणारे पाच जण होतो. सांगलीच्या प्रयोगात त्या ओवीला वन्समोअर आला. टाळ्या थांबेनात. संगीत नाटकात वन्समोअर घ्यायची जुनी रीत आहे, आणि गोंधळात तर यजमानाने ओळ पुन्हा मागितली की नाही म्हणायची पद्धतच नाही. माझे पाय पुढे सरकले होते. पण हातात मेलेल्या भावाचं पागोटं होतं. विंगेत संबळवाल्याकडे मी मांडीआड बोटांनी खूण केली, पुढे चल. त्यालाही करपल्लवी येते, त्याने पुढचा ठेका धरला.

नांदेडच्या प्रयोगाला अण्णा आले. थोरले चुलते आदल्या वर्षी गेले होते, म्हणून मी स्वतः बोलावलं नव्हतं; माय घेऊन आली. तिसऱ्या रांगेत बसले होते, पगडी मांडीवर काढून. नाटक संपल्यावर रंगपटात सगळ्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला, त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याशी काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर, बस निघायच्या आधी, म्हणाले, "शेवटाला झील कुणी का नाही धरली?"

मी सांगितलं की भाऊ मेलेला आहे, धरणारं कुणी नाही, म्हणून ती जागा मोकळी सोडलीय.

ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाये. पण तुहा पाय थांबतो तिथं. पाय थांबू देऊ नको. झील नसली म्हणून ठेका कुठं जातो?"

पुढच्या प्रयोगाला मी पाय चालू ठेवला. टाच उचलत नव्हतो, नुसता अंगठा. पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी विचारलं, आज शेवटी काय केलंस? मी सांगितलं. ते म्हणाले, असंच ठेव.

नाटकाचे प्रयोग आता थांबले आहेत. या दिवाळीनंतर मी स्वतःच्या पैशाने एक रेकॉर्डिंग केलं. आवाहन आणि जांभूळ आख्यानातली दोन पदं. क्लिक घेतला नाही. एकाच खोलीत सगळे उभे राहिलो. रेकॉर्डिस्ट म्हणाला, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरेल, नंतर काही वेगळं करता येणार नाही. मी म्हटलं, शिरू द्या. पट्टी काळी चार.

अण्णांना नायक म्हणून गायला आणलं होतं. आता त्यांना टीप लागत नाही, दम्याने छाती भरून येते. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पहिल्याच ओळीत खोकला आला. तिसऱ्या वेळी त्यांनी पाणी प्यायलं, माझ्या हातातून तुणतुणं घेतलं, काडीने तार लावून बघितली आणि माझ्या मागे अर्धं पाऊल सरकून उभे राहिले.

"घे," म्हणाले.

मी ओळ टाकली.